पाच सेकंद की दहा मिनिटं

अन्वर, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि त्यातले सतरा दिवस मी तुझ्यावर संतापलेली होते. रडले नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली. "शाळेपासूनचा सोबती गेला, पण शालनच्या डोळ्यांत टिपूस नाही," असं पाठीमागे म्हणाले. मी ऐकलं. रडू येणार कुठून? मला वाटत होतं, तू मला फसवलंस आणि मरून मोकळा झालास.

हस, हस. "शालन, तू पोलिसात जायला हवी होतीस, मच्छीमार सोसायटीत क्लार्क होऊन फुकट गेलीस," हे तुझं ठरलेलं वाक्य. मी शंकेखोर आहे हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. पाचवीत माझी गृहपाठाची वही तू गुरुजींच्या टेबलावर ठेवलीस म्हणालास, तरी मी परत वर्गात जाऊन गठ्ठा उपसला होता. वही होती. तू दारात उभा होतास, आणि रागावला नाहीस. "बघून घेतलंस ना? चल आता," एवढंच बोललास. पुढं गल्फमध्ये वीस वर्षं वायरी जोडून परत आलास तरी आपली रीत तीच राहिली. मी तपासायचं आणि तू थांबायचं.

सोसायटीत ते मशीन आणलंस तूच. न्हावा शेवाच्या कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर, छपरावर सोलरची पाटी, टेबलाखाली ट्रकची बॅटरी, आणि प्रत्येक बोटीवर एक डबी. डबीने दर मिनिटाला बोट कुठं आहे ते कळवायचं, मशीनने ते लिहून ठेवायचं. पहिल्या दिवशी किसनदादा, ज्याच्या बोटीवर तू गेलास तोच, डोकं खाजवत म्हणाला होता, "म्हंजे मी कुठं हाय ते आता घरात बी कलणार? ही डबी माज्या बोटीला नको." सगळी कमिटी हसली होती. शेवटी पहिली डबी त्याच्याच बोटीला लागली.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. मशीन आलेली माहिती आधी नुसती डोक्यात धरतं आणि नंतर सवडीने डिस्कवर उतरवतं, हे मला कळलं तेव्हा मी हादरलेच. वीज गेली की डोक्यातलं गेलं, डिस्कवर उतरलेलं तेवढं राहिलं. मग ही सवड किती वेळाची, हा सगळा वाद. तू म्हणायचास, दर वेळी लिहायला डिस्क फिरते, फिरली की बॅटरी खाते, आभाळ आलं की दुपारपर्यंत सगळं थंड. दहा मिनिटांनी एकदा लिहू दे, मधल्या वेळात डिस्कला निजू दे. मी म्हणायचे, आलं की लिही. मी रजिस्टर तसंच लिहिते, चहा आला तरी हातातली ओळ पुरी करून मग कप उचलते.

"बाजारात गेलीस की एक मिरची घेऊन घरी ठेवायला येतेस काय?" तू मला विचारलं होतंस. "सगळं पिशवीत भरतेस नि एकदाच येतेस ना?"

"आणि वाटेत पिशवी फाटली तर?"

"फाटली कधी आजवर? जरा यकीन ठेवावं माणसानं."

"फाटल्यावर यकीन काय चुलीत घालू?"

शेवटी तडजोड झाली. मासेमारी बंदीच्या दिवसांत बोटी वाळूवर ओढलेल्या असतात, लिहायला फारसं काही नसतं, तेव्हा दहा मिनिटं. नारळी पौर्णिमेला किसनदादाने दर्याला नारळ वाहिला की पाच सेकंद. आकडा तू टाकायचास, मी शेजारी उभी राहून बघायची, आणि मग प्रसादाचं खोबरं आपण दोघांनी खायचं. तू मुसलमान, मी बौद्ध, आणि सगळ्या गावात नारळाची एवढी वाट आपण दोघंच बघायचो. या आकड्याशी बाकी कुणाला देणंघेणं नव्हतं.

यंदाही तू पाच टाकलेस, मी बघितले. पण चार दिवसांत तुझी कुरकुर सुरू झाली. "ढग बघ काय दाटलेत. निदान दोन मिनिटं कर ना." मी नाही म्हटलं. आणि मग शनिवारी बघते तर बॅटरी भरलेली! आभाळ कोंदलेलं, सोलरची पाटी अर्धा दिवस सावलीत, तरी बॅटरी भरलेली कशी? मी मनात म्हटलं, इथं पाणी मुरतंय. हा गुपचूप आकडा वाढवतोय.

विचारलं नाही तुला. तुला विचारलं की तू हसतोस आणि मला उत्तर मिळत नाही. मी माझा बंदोबस्त केला. जुलैमध्ये छप्पर गळायला लागलं तेव्हा तूच म्हणाला होतास, सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, मशीन मेलं तर कामाला येईल. ती फाइल माझ्याकडे होती, घराच्या चावीच्या जुडग्यात अडकवलेली. दर सोमवारी मुरुडच्या बँकेत जायला एसटी पकडायच्या आधी मी काय करायचे, तर पेनड्राइव्ह लावायचा, माझी फाइल मशीनवर चढवायची, मशीन बंद करून चालू करायचं, की निघाले. आठवड्यात तू काय गडबड केली असशील ती पुसली गेली, असा माझा हिशोब. मंगळवारी सकाळी आकडा बघायचे. पाच. चारही मंगळवारी पाच. मी स्वतःवर खूश होते, अन्वर. म्हटलं, हा शेर तर मी सव्वाशेर.

मग तो पाचवा सोमवार. किसनदादाची डबी मध्येच मुकी व्हायची म्हणून तू पहाटे त्याच्याबरोबर गेलास. "दुपारच्या आत येतो," असं सईदाला सांगून गेलास. दुपार झाली, आला नाहीस. मी मुरुडहून परतले होते; पावणेचारच्या सुमाराला सोसायटीत किसनदादाचा फोन आला, तुटक तुटक. वायरिंग जळलंय, इंजिन बंद, अन्वरच्या छातीत कळ आलीय, कुणालातरी धाडा. आणि फोन गेला. बोटीची वीजच गेल्यावर डबी काय बोलणार? पण शेवटचं बोलली ती जागा मशीनमध्ये होती. मी कॉम्प्युटरचा पडदा चालू करायला धावले, बॅटरी वाचावी म्हणून तू तो बंदच ठेवायचास. तेवढ्यात सगळी कमिटी त्या एवढ्याशा खोलीत घुसली, चेअरमनचा पाय वायरीत अडकला आणि मशीन विझलं.

वायर जोडली, मशीन उठलं. शेवटची लिहिलेली जागा नऊ मिनिटं जुनी. त्या नऊ मिनिटांत किसनदादाने बोट वळवून घराच्या दिशेला घेतली होती, पण ते आम्हाला कसं कळावं? मदतीची बोट गेली जुन्या जागेवर, पाऊस सुरू झालेला, दहा हात पुढचं दिसेना. तुम्ही सापडेपर्यंत पाऊण तास जास्तीचा गेला. सापडलास तेव्हा तू नव्हतास.

त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, मी सेटिंग उघडून बघितलं. दहा मिनिटं.

मी ओरडले. "हे अन्वरचं काम! बॅटरीपायी केलं त्याने हे!" कुणीतरी विचारलं, तो तर पहाटेच गेला, आणि सकाळी मशीनवर तूच होतीस ना? मी म्हटलं, हो, मी पाच करूनच गेले होते, त्याने बोटीवरून मोबाइलने बदललं असणार, त्याला काय अवघड आहे? तू एकदा घरी बसल्या मोबाइलवरून मशीन चालवून दाखवलं होतंस. सगळ्यांना पटलं. गुरुवारी कमिटीची मीटिंग झाली, तिथंही मी तेच सांगितलं आणि सेक्रेटरींनी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, कै. अन्वर यांनी परस्पर सेटिंग बदलल्यामुळे शोधास विलंब झाला. चेअरमननी लगेच मान डोलावली. त्यांच्या पायाचा उल्लेख त्यात कुठंही नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी गप्प बसले. मला तुझंच नाव हवं होतं.

गावभर झालं मग. मासळीच्या टोपल्यांपाशी बायका बोलायच्या, स्वतःच्याच शहाणपणाने गेला बिचारा. ते सईदाच्या कानावर गेलं नसेल असं कसं होईल? तुझी ती बायको, नवरा गेल्यावर चार भिंतींत इद्दतीत बसलेली, बाहेर येऊन कुणाला काही विचारू शकत नाही.

किसनदादा मात्र तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नव्हता. एकदाच सोसायटीच्या पायरीवर बसून त्याने शेवटचं सांगितलं. "मी म्हनलं, अन्वर, घाबरू नको, मशीनवर आपली जागा गावंल. तो म्हनला, व्हय, गावंल. मंग जरा येलानं मला इचारतो, आज वार कंचा? मी म्हनलं सोमवार. तर हसला. तसाच हसत ऱ्हायला जरा वेल. मला न्हाय कललं, मरनाच्या कलेत मानूस सोमवारला का हसल?"

मलाही कळलं नाही. मी संशय घेतला, तो असा: चोरी पकडली जाणार म्हणून हसला असेल. हे मी तुझ्याबद्दल म्हटलं रे, मनातल्या मनात. तू असतास तर तुझ्या तोंडावरही म्हटलं असतं.

परवा गुरुवारी सईदाकडे गेले. खरं सांगते, भेटायला नाही, तुझा मोबाइल बघायला. त्यात पुरावा असणार अशी माझी खात्री. सईदाने चहा दिला आणि म्हणाली, "शालनताई, फोन त्या दिवशी घरीच होता. दर्यात पडतो म्हणून ते चांगला फोन कधी नेत नसत. उशाशी होता, दुपारी मीच त्यावर बहिणीला फोन लावला." मी कप खाली ठेवला. मग मी बॅटरीचं विचारलं, ढगाळ दिवसांत भरायची कशी? ती म्हणाली, "दिवसातून दोनदा छपरावर चढायचे. पाटी पुसायचे, कावळ्यांची घाण काढायचे, उन्हाच्या तिरपीला फिरवायचे. मी ओरडायचे, या वयात कौलांवर कशाला? तर म्हणायचे, पाच सेकंद पाहिजेत ना शालनला."

मग तिने तुझी खिशातली डायरी माझ्यासमोर ठेवली. "यात मशीनचं आहे. तुमच्याच कामाचं." एका पानावर दोरा घातलेला होता. तुझं ते गिचमिड अक्षर.

सोमवार: दहा कसं झालं? पाच केलं.

सोमवार: परत दहा. शालन पेनड्राइव्ह लावून जाते. तिच्याकडं जुलैची फाइल आहे, बंदीतली. पाच केलं.

सोमवार: पाच केलं. शालनला सांगायचं. चारचौघांत नको. हसत हसत सांगायचं.

सोमवार: पाच केलं. आज सांगणार होतो, तिचा मूड नव्हता. पुढच्या सोमवारी नक्की.

पुढचं पान कोरं.

मी घरी आले, भाचीच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि फाइल उघडली. इतके दिवस चढवत होते, उघडून एकदाही बघितली नव्हती. सगळ्या जगाचं तपासणाऱ्या बाईने स्वतःचं तेवढं तपासलं नाही. त्यात दहा मिनिटंच होती. जुलैमध्ये घेतलेली फाइल, जुलैचा आकडा, दुसरं काय असणार? दर सोमवारी मी पाचाचे दहा करून एसटीत बसायची आणि तू तुझ्या रोजच्या वेळेला, अकरा वाजता, येऊन दहाचे पाच करायचास. मंगळवारी मी पाच बघून खूश व्हायची. चार सोमवार तू माझ्या मागून निस्तरलंस, आणि पाचव्या सोमवारी तू दर्यात होतास.

तू त्या बोटीत वार विचारलास आणि सोमवार ऐकून हसलास. आता कळलं मला, अन्वर. तुला तिथंच कळलं होतं की आज आकडा दहावरच आहे, मशीन विझलं तर जागा गेली, आणि ते कुणामुळे. कळूनही तू किसनदादाला काही बोलला नाहीस.

माझा जीव आत तुटतो रे. पण भांडण अजून संपलेलं नाही, ऐकून घे. तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? एक वाक्य होतं. "बये, तुझी फाइल जुलैची आहे." झालं असतं. तुझं कारणही मला माहीत आहे, ते सांगायला तू लागत नाहीस. दोन वर्षांपूर्वी तू मीटिंगमध्ये माझी चूक दाखवलीस, दोन बोटींचे नंबर मी उलटे लिहिले होते, आणि मी तिथल्या तिथं राजीनामा फेकून दीड महिना घरी बसले. दर शुक्रवारी नमाज झाला की तू माझ्या अंगणात येऊन उभा राहायचास. मी दार उघडायची नाही. तू पडवीत सईदाच्या हातची मुंबरं ठेवून जायचास, आणि मी ती खायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. सातव्या शुक्रवारी दार उघडलं. तेव्हापासून तू माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करायला लागलास, असं दिसतं. आणखी किती केल्यास, देव जाणे. ही एक बघितली, आता मला सगळ्यांचाच संशय येतो.

म्हणजे तूही तेच केलंस ना? सांगायचं ते डोक्यात धरून ठेवलंस, सवडीने सांगू म्हणून. मी रागावेन म्हणून. या रागाचं खापर मी तुझ्यावर फोडणार नाही, तो माझाच आहे. पण चार सोमवार मिळाले होते तुला.

डॉक्टर म्हणतात झटका मोठा होता, लवकर पोहोचूनही उपयोग नव्हता. माझा विश्वास नाही. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. खरंही असेल. मला ते कधीच कळणार नाही, हीच माझी शिक्षा समज.

आज सकाळी आधी सईदाकडे गेले. दारातच सांगितलं, मीच केलं ते, आणि आळ अन्वरवर घातला. ती म्हणाली, "माहीत आहे मला. डायरी वाचूनच तुम्हाला दिली. दोन दिवस बघत होते, तुम्ही येता की नाही." एवढंच. माफ केलं की नाही ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. आत बोलावून बसवलं मात्र.

दुपारी कमिटीची मीटिंग होती. मी उभी राहिले. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, डायरी ठेवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोमवारचं, मंगळवारचं, जुलैच्या फाइलचं. चेअरमनच्या पायाचंही सांगितलं, ते का सोडायचं? चेअरमन म्हणाले, "जाऊ दे गं शालन, गेला तो माणूस, आता कशाला उकरून काढतेस? तुझंच नाव खराब होईल." मी म्हटलं, माझंच व्हायला पाहिजे. प्रोसिडिंगमधली ती ओळ खोडा आणि खरं लिहा.

सेक्रेटरी म्हणाले, "बरं बरं, लिहितो. चहा येतोय, चहा घेऊन मग सवडीने लिहितो."

"नाही," मी म्हटलं. "आत्ता लिहा."

त्यांनी पेन काढलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होते. तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा चुकीचं लिहिलं, ते दुरुस्त करून घेतलं. कै. अन्वर यांचा कोणताही दोष नव्हता, सेटिंग शालन यांच्याकडून चुकून बदलले गेले. त्याखाली माझी सही. सही केली आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, हमसून हमसून. लोकांना एकदाचं बरं वाटलं असेल.

सगळे गेल्यावर मी मशीनपाशी बसले. पडदा चालू केला आणि माझ्या हाताने पाच टाकले. सवयीने मान वळवली, शेजारी कुणी नव्हतं. बाहेर पायरीवर किसनदादा बसला होता. त्याला आत बोलावलं. म्हटलं, दादा, जरा बघ. माझा माझ्यावर भरवसा नाही. काय आकडा आहे?

तो पडद्यापाशी वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला.

"पाचच हाय," म्हणाला. "बगून घेतला ना? चल आता."